स्वीडनची ओळख: आधी गोष्ट, मग नकाशा

मुलांना स्वीडनची ओळख करून द्यायला नकाशा, झेंडा, राजधानी यांपासूनच सुरुवात करावी का, या प्रश्नावर माझं मत: नको, गोष्टीपासून करा. आम्ही पिप्पी लाँगस्टॉकिंग या स्वीडिश गोष्टीतल्या मुलीपासून केली. आजारी लेकीने १९४१ साली गोष्टीचा हट्ट धरला म्हणून लेखिका अ‍ॅस्ट्रिड लिंडग्रेन यांनी पिप्पी रचली. पुस्तक आलं १९४५ मध्ये. पिप्पी एकटी राहते, घोडा उचलते आणि बिस्किटांचं पीठ चक्क स्वयंपाकघराच्या जमिनीवर लाटते. ते वाचून आमच्या लेकीने पोळपाट बाजूलाच सारला! शेवटी ओट्यावर तडजोड झाली.

खाण्यात लुस्सेकात्तर नक्की करून बघा. १३ डिसेंबरच्या लुसिया सणाचे हे केशरी पाव. केशर साखरेबरोबर खलून कोमट दुधात भिजवायचं, आपण श्रीखंडाला करतो तसंच. पिठाची लांब वळी करायची, तिची टोकं उलटसुलट दिशांनी गुंडाळायची आणि दोन्ही वेटोळ्यांत एकेक बेदाणा. बेदाणा खोल रोवा, नाहीतर ओव्हनमध्ये वर येतो. या सणाच्या दिवसांत राजधानी स्टॉकहोममध्ये दुपारी तीनच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून लुसिया झालेल्या मुलीच्या डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट. हातात ऊन पाव असताना हे सांगितलं की मुलांना लगेच कळतं.

थोड्या मोठ्या मुलांना हेही सांगा: मुलांना मारण्यावर कायद्याने बंदी घालणारा पहिला देश स्वीडन, १९७९ साली. लेक ऐकून बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "घरातसुद्धा?"

हो, घरातसुद्धा.