आधी आकाशवाणी, मग मुंबई-पुणं

मुलगी व्हायोलिन छान वाजवते, तिला इंदूरहून मुंबई-पुण्याला पाठवावी का, असं एका काकांनी विचारलंय. माझं मत: इतक्यात नको. कर्नाटक संगीतात गवयाशेजारी व्हायोलिन ठरलेलंच. आपल्याकडे, हिंदुस्तानी संगीतात, ती जागा पेटीने कधीच बळकावली. उरतो सोलो, आणि नवख्या पोरीला सोलो कोण देणार? म्हणून आधी आकाशवाणीची ऑडिशन. बी ग्रेड, म्हणजे पहिली पायरी, मिळाली तरी सांगायला काहीतरी असतं. डिसेंबरात ग्वाल्हेरचा तानसेन समारोह, हा शास्त्रीय संगीताचा महोत्सव, तिला समोर बसून ऐकू द्या. नोकरीला नाकं मुरडू नका; व्हायोलिनवादक एन. राजम बनारस हिंदू विद्यापीठात शिकवत होत्या आणि मैफलीही गाजवत होत्या. त्यांनी गायक ओंकारनाथ ठाकुरांकडून गायकी उचलली, तसं हिलाही गाणं शिकवा. बंदिशीचे शब्द ठाऊक नसले की गज (तारांवर फिरवायची काठी) भलत्याच ठिकाणी उलटतो, जाणकाराला लगेच कळतं. व्हायोलिनला बोटांखाली सतारीसारखे पडदे नाहीत, त्यामुळे मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, देखणी येते, पण तार सप्तकात, वरच्या सुरांत, केसभर चुकलं तरी झाकत नाही.

अजून एक, काका. आपल्याकडच्या कोरड्या थंडीत तारा ताणणाऱ्या खुंट्या ऐन आलापात सरकतात. वाद्य अर्धा तास आधी हॉलमध्ये उघडून ठेवायचं, आणि आयोजकांच्या चहा-पोह्यांना तेव्हा तरी नाही म्हणायचं.