मदत हवी आहे: क्रश सँडमधली भुकटी की माती, साइटवर कसं ओळखायचं?

साताऱ्याजवळ घराचं काम चालू आहे. एम२५ काँक्रीट (२५ ही त्याची मजबुतीची प्रत), साइटवरच मिक्सर, पुढच्या रविवारी स्लॅब. खडी ठीक आहे, अडचण क्रश सँडची, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूची. मोजपात्रात मिठाचं पाणी घालून ३ तास ठेवली, तीनदा. वरचा गाळाचा थर दर वेळी ११-१२ टक्के. नदीच्या वाळूला आपण ८ टक्क्यांच्या वर नाहीच म्हणतो. ठेकेदार म्हणतो, "साहेब, ही माती नाही, दगडाची भुकटी आहे." त्याचं अगदीच चूक नसावं: आयएस ३८३ (२०१६) या वाळू-खडीच्या भारतीय मानकात क्रश सँडला ७५ मायक्रॉनखालचा (पिठासारखा बारीक) माल वजनाने १५ टक्क्यांपर्यंत चालतो. पण माझं माप आकारमानाचं, ते वजनाशी कसं जुळवायचं?

ओली वाळू मुठीत दाबून पाहिली, तळहाताला किंचित करडा डाग राहतो, चिकटपणा नाही. बिल 'वॉश्ड'चं, म्हणजे धुतलेल्या वाळूचं आहे (गाडी रिकामी करताना धुरळा मात्र भरपूर उडाला). नमुना लॅबला दिलाय, पण रिपोर्ट स्लॅबनंतरच येईल. नदीची वाळू मिळत नाही, जास्त पाणी घालायचं नाही.

तर भुकटी आणि चिकणमाती यांतला फरक साइटवर खात्रीने कळेल अशी एखादी चाचणी आहे का? की सरळ गाडी परत पाठवू?