पहिल्यांदा खेळणाऱ्याने चारमँडर घ्यावा की बल्बासॉर?

ढोकाळीकर: नऊ वर्षांची भाची सुट्टीला ठाण्यात आमच्याकडे आलीय. माझा जुना गेमबॉय ॲडव्हान्स तिला दिला, आत २००४ चा पोकेमॉन फायररेड हा गेम. त्यात सुरुवातीला लढायला एक पोकेमॉन, म्हणजे एक प्राणी, निवडायचा असतो. तिने लगेच आगीच्या चारमँडरवर बोट ठेवलं. मी तिला गवताचा बल्बासॉर घ्यायला लावला, आणि माझं मत ठाम आहे. पहिल्याच जिममध्ये, म्हणजे लढतीच्या टप्प्यात, तिथला प्रमुख ब्रॉक आणि त्याचे जिओड्यूड आणि ऑनिक्स, दोघेही खडक-जमीन प्रकारचे. बल्बासॉरचा वाइन व्हिप हा वार त्यांना चौपट लागतो. पुढे दुसऱ्या जिममधल्या मिस्टीच्या पाण्याच्या पोकेमॉननाही बल्बासॉर पुरून उरतो. चारमँडर घेतला असता तर पोर पहिल्याच दारात अडकलं असतं, आणि गेम बाजूला ठेवून मोबाइल घेऊन बसलं असतं.

वाशीची_लेक: दादा, साफ असहमत. फायररेडमध्ये चारमँडर १३ व्या लेव्हलला मेटल क्लॉ हा वार शिकतो, तो खडकाला दुप्पट लागतो. ब्रॉकचा ऑनिक्स १४ चा. म्हणजे लेव्हल वाढवायला गवतात थोडं जास्त फिरून लढायचं, एवढंच. मी चार वेळा हरले होते. पाचव्यांदा जिंकले ते ठाणे लोकलमध्ये, आणि त्या नादात ऐरोली कधी गेलं कळलंच नाही. उतरायचं तिथेच होतं! बाकीच्या जिमचं मला फारसं आठवत नाही, ब्रॉक मात्र आठवतो.

ढोकाळीकर: तुम्ही मोठ्या होतात. १३ व्या लेव्हलला काय मिळणार हे नऊ वर्षांच्या मुलीला कुठून कळणार? ती दुसऱ्यांदाच हरली की रडते.

कळवा_खाडी: मामाने सांगायचं की! शिवाय गेममधल्या रूट २२ या रस्त्यावर मँकी हा पोकेमॉन मिळतो, तोही ब्रॉकला पुरतो. पाण्याचे पोकेमॉन तर पुढे ढिगाने सापडतात, आगीचे सुरुवातीला मिळतच नाहीत. पण माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. आपण जो घेऊ त्यावर भारी पडणारा पोकेमॉन गेममधला प्रतिस्पर्धी उचलतो. तुम्ही बल्बासॉर घ्यायला लावलात, म्हणजे तिचा आवडता चारमँडर त्याच्याकडे गेला. शेवटच्या लढतीत तो मोठा होऊन, चॅरिझार्ड बनून तिच्यासमोर उभा राहणार. तिने त्याला हरवायचं?

वाशीची_लेक: +१. हे मला सुचलंच नव्हतं.

ढोकाळीकर: बल्बासॉर सोपा, हे मत मी बदलणार नाही. पण परवा प्रतिस्पर्ध्याशी लढताना ती नुसती बघत बसली होती, बटण दाबेचना. मला वाटलं, घाबरली. आता दुसऱ्या जिमपर्यंत पोचलीय आणि सेव्ह एकच राहतो. नवीन सुरू केला तर सगळं पुसलं जाईल. संध्याकाळी तलावपाळीला नेतोय, तेव्हा तिलाच विचारतो.