मदत हवी आहे: लेकीच्या यूके व्हिसासाठी मराठी दाखल्याचं भाषांतर

नमस्कार मंडळी. लेक-जावई लेस्टरला असतात. तिचा ३३ महिन्यांचा स्पाउस (जोडीदाराचा) व्हिसा संपत आलाय, पुढच्या ३० महिन्यांसाठी तिथूनच अर्ज करायचाय. एकत्र राहतात याचा पुरावा म्हणून कौन्सिल टॅक्स (तिथली घरपट्टी), बँकेची पत्रं जमवलीत. पण लाइट-गॅसची बिलं एकट्या जावयांच्या नावावर. लेकीच्या नावाची, त्याच पत्त्यावर आलेली दवाखान्याची पत्रं कुणी जोडली होती का?

दुसरं म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला. आमच्याकडचा हाताने लिहिलेला, मराठीतला, शिक्काही पुसट. नुसतं भाषांतर चालत नाही. ते अचूक असल्याचं लिहून भाषांतरकाराचं नाव, सही, तारीख, पात्रता, संपर्क सगळं लागतं. कोल्हापुरात असं काम नीट करून देणारं कुणी माहीत आहे का? राजारामपुरी, शाहूपुरी, कुठंही चालेल. लेकीचा जीव टांगणीला लागलाय, कृपया लवकर सांगा.