नॅसकारची नेक्स्ट जेन गाडी: सगळं विकत आणायचं तर टीम करतात काय?

गिअरबदलू:
मंडळी, मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कॉलेजच्या बाहा गाडीचं (विद्यार्थी स्पर्धेसाठी बनवतात ती ऑफ-रोड गाडी) सस्पेन्शन माझ्या गळ्यात पडलंय आणि त्या नादात दोन आठवडे नॅसकारचं, म्हणजे अमेरिकेतल्या स्टॉक कार रेसिंगचं, वाचत बसलोय. २०२२ ला आलेल्या नेक्स्ट जेन गाडीत चासी (गाडीचा सांगाडा) सगळ्यांची एकाच कंपनीची, बॉडी तशीच, गिअरबॉक्स तसाच, पुढचा मधला मागचा असे तीन तुकडे बोल्टने जोडायचे की झाली गाडी. आधी मोठ्या टीम चासी स्वतः वेल्ड करायच्या, पत्रा स्वतः घडवायच्या. मग आता इंजिनियरिंग उरलं कुठे? आणि दुसरं, नवीन गाडी जास्त मजबूत म्हणतात तर पहिल्याच वर्षी ड्रायव्हरना कन्कशन (मेंदूला हादरा) कसं झालं? मला तर उलटं वाटलेलं.

शार्लटकर:
मी आयटीवाला, पण ११ वर्षं अमेरिकेत शार्लटला राहतोय आणि बहुतेक टीमची शॉप इथेच आसपास, त्यामुळे कानावर पडत असतं. उरलंय रे, पण जागा बदलली. जुन्या गाडीत खरी कारागिरी म्हण किंवा लबाडी म्हण, पत्र्यात होती. ओव्हल म्हणजे लंबगोल ट्रॅकवर डावीकडेच वळायचं ना, म्हणून बॉडी मुद्दाम पिळलेली, सरळ पट्ट्यावर गाडी खेकड्यासारखी तिरकी धावायची, आणि त्या पिळासाठी विंड टनेलमध्ये पैसा ओतायचे. नवीन बॉडी कॉम्पोझिटची, डावी-उजवी सारखी, तो धंदाच बंद. विकतच्या पार्टला हात लावला की मेलास. २०२३ ला फिनिक्सच्या रेसला हेंड्रिक टीमच्या चार गाड्यांचे बॉनेटवरचे लूव्हर्स (हवा बाहेर सोडणाऱ्या फटी) जप्त झाले, चारही क्रू चीफना (प्रत्येक गाडीचा मुख्य माणूस) १-१ लाख डॉलर दंड. कापलेले गुण अपिलात परत मिळाले, दंड राहिला. आता सगळा खेळ सेटअप, शॉक ॲब्झॉर्बर आणि सिम्युलेशनचा. इंजिन मात्र अजून तेच ५.८६ लिटरचं पुशरॉड व्ही-८, त्यात इंजिनवाले आपापली करामत करतातच.

मला स्वतःला चाकाचे जुने पाच नट आठवतात. चाकाला गोंदाने आधीच चिकटवलेले असायचे, नट फिरवायची गन लावली की ट्रर्र ट्रर्र पाचदा, आणि काढलेले नट पिट रोडभर (रेसमध्ये टायर बदलतात ती पट्टी) उडायचे. एक उचलून आणलेला टेबलावर आहे, गोंदाचा पिवळट थर अजून तसाच. आता १५ इंची स्टीलच्या जागी १८ इंची ॲल्युमिनियमचं चाक, मधे एकच मोठा नट. एक ट्रर्र, संपलं.

बंपरभाऊ:
दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो. मजबूत हाच तर घोळ झाला. जुन्या गाडीचा मागचा भाग धडकेत काडेपेटीसारखा चेपायचा, गाडी भंगारात जायची पण धक्का पत्र्यात आणि पाइपात जिरायचा. नवीनमध्ये मागचा क्लिप (तीन तुकड्यांतला मागचा) इतका ताठ झाला की तो चेपेचना. मग गाडी एका क्षणात थांबते, सीट थांबते, सीटला टेकलेली पाठ थांबते, मेंदू मात्र कवटीत त्याच वेगाने जात राहतो. टीव्हीवर टक्कर काहीच वाटत नाही, बंपर जरासा आत गेलेला दिसतो. जुलै २०२२ ला पोकोनोच्या क्वालिफायिंगमध्ये ड्रायव्हर कर्ट बुश मागच्या बाजूने भिंतीवर गेला, त्यानंतर कपमध्ये (नॅसकारची मुख्य मालिका) तो परत उतरलाच नाही. त्याच सप्टेंबरात टेक्सासला ॲलेक्स बोमनचं तसंच, पाच रेस बाहेर. २०२३ साठी मागचा क्लिप आणि बंपरचा सांगाडा बदलून मुद्दाम मऊ केला. माझ्या मते हे आधीच सुचायला हवं होतं, ड्रायव्हर बोंबलत होतेच.

गिअरबदलू:
भारी! म्हणजे आमच्या गाडीचं पण सगळंच जाड करत सुटायचं नाही तर.

शार्लटकर:
नकोच. आधी काय तुटू द्यायचं ते ठरव. नेक्स्ट जेनला पहिल्यांदाच मागे इंडिपेन्डन्ट (प्रत्येक चाकाचं वेगळं) सस्पेन्शन आलं, आणि मागचं चाक भिंतीला जरा घासलं की टो लिंक (चाकाची दिशा धरणारी दांडी) मोडायची. शिव्या खाल्ल्या, पण लिंक बदलता येते. तुझा टाय रॉड (स्टिअरिंगची दांडी) तुटला तर पाना घेऊन बदलशील, चासीवर वेल्ड केलेला टॅब (जिथे दांडी बोल्टने अडकवतात ती पट्टी) फाटला तर वेल्डिंगवाला शोधत फिरशील.

गिअरबदलू:
काका काल टेस्टिंगला टॅबच फाटलाय 😭 टाय रॉड एकदम ठणठणीत.