रिमोट डेस्कटॉपवर दोन मॉनिटर: गरज की चैन?

कोपरखैरणेकर:
ऑफिस वागळे इस्टेटला, घर कोपरखैरण्याला. ऑफिसात टेबलावर दोन मॉनिटर आहेत, घरून रिमोट डेस्कटॉप लावला, म्हणजे नेटवरून ऑफिसचं मशीन घरच्या लॅपटॉपवर चालवलं, की मात्र एवढीशी स्क्रीन. १४ तारखेला जीएसटीआर-२बी (खरेदीवरच्या जीएसटी क्रेडिटचा तक्ता) येतं, २० तारखेच्या आत ३बी (महिन्याचं जीएसटी रिटर्न) भरायचं. मधल्या दिवसांत एकीकडे टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर), दुसरीकडे एक्सेल उघडं नसेल तर बिलं जुळवायची कशी? खिडक्या वरखाली करताना एखादी ओळ सुटते आणि त्या पार्टीच्या बिलावरचं क्रेडिट अडकतं. घरून काम करायला सांगणाऱ्या कंपनीने दुसरा मॉनिटर दिलाच पाहिजे, हे माझं ठाम मत.

ऐरोली_सपोर्ट:
पूर्ण असहमत. मी हेच सांभाळतो. मॉनिटर दिला की तक्रारी सुरू. लॅपटॉपचं स्केलिंग (अक्षरं-चित्रं मोठी दाखवण्याचं प्रमाण) १५० टक्के, बाहेरच्या मॉनिटरचं १००, मग जुन्या सॉफ्टवेअरची अक्षरं धूसर दिसतात. दुसऱ्या दिवशी ऑफिसात एकाच मॉनिटरवर बसलात की मांडलेल्या सगळ्या खिडक्या विस्कटतात. शिवाय जेवढी स्क्रीन जास्त तेवढा नेटवर भार: फुल एचडीत साधारण २१ लाख पिक्सेल, फोरकेत त्याच्या चौपट. त्यापेक्षा एकच मोठा मॉनिटर घ्या आणि खिडक्या शेजारी शेजारी लावा.

कोपरखैरणेकर:
भाराचा मुद्दा माझ्या कामाला लागू नाही. रिमोट डेस्कटॉप स्क्रीनवर जे बदलतं तेवढंच पाठवतो. टॅलीचा व्हाउचर पाच मिनिटं तसाच उघडा असतो, त्याचा कसला भार? व्हिडिओ बघणाऱ्याचं गणित वेगळं. आणि मोठा मॉनिटर ठेवायला वन बीएचकेत टेबल तरी तेवढं हवं ना.

घोडबंदर_ड्राफ्ट्समन:
ताईंच्या बाजूने. पण बरेच जण चुकीच्या पद्धतीने जोडतात आणि मग 'दोन स्क्रीन नको' म्हणतात. जुना 'स्पॅन' पर्याय दोन्ही मॉनिटर मिळून एकच लांबलचक स्क्रीन करतो. टास्कबार दोन्हीवर पसरतो, खिडकी मोठी केली की तीही पसरते, आणि सूचनेची चौकट नेमकी दोन मॉनिटरच्या मधल्या कडेवर येते. 'मल्टिमॉन'चं तसं नाही, तिथे प्रत्येक मॉनिटर वेगळा धरला जातो. विंडोज ७ पासून ही सोय आहे. जोडण्याआधी रिमोट डेस्कटॉपच्या 'डिस्प्ले' टॅबमध्ये सगळे मॉनिटर वापरण्याच्या चौकटीवर टिक करायची, बस.
तीनपैकी दोनच हवे असतील तर विंडोजच्या 'रन'मध्ये एमएसटीएससी, मग स्पेस देऊन स्लॅश एल (mstsc /l) लिहा, मॉनिटरचे क्रमांक दिसतील. ते आरडीपी फाइलमध्ये, म्हणजे रिमोट जोडणीची सेटिंग्ज साठवणाऱ्या फाइलमध्ये, टाकता येतात. निवडलेले मॉनिटर मात्र एकमेकांना लागून हवेत. मी ऑटोकॅडचं ड्रॉइंग एका मॉनिटरवर आणि क्लायंटचे शेरे दुसऱ्यावर ठेवतो. एका स्क्रीनवर परत जाणार नाही.

मजिवड्याचा_शेजारी:
मधला मार्ग सांगतो. दोन मॉनिटर घ्या, पण रिमोट एकावरच ठेवा. दुसऱ्यावर आपलं स्वतःचं मशीन. मीटिंग रिमोटमधून घेतली तर आवाज आणि चित्र आधी ऑफिसच्या मशीनवर, तिथून परत घरी, असा दुहेरी फेरा होतो आणि बोलणं तुटतं. कॉल घरच्या मशीनवर घ्या.

ऐरोली_सपोर्ट:
हे मला पटतं. मीटिंगवाल्यांना मी हेच सांगतो. ड्राफ्ट्समनचंही मान्य, मल्टिमॉन नीट लावला तर निम्म्या तक्रारी येणारच नाहीत. पण सरसकट प्रत्येकाला दुसरा मॉनिटर? ज्याचं काम ईमेल आणि एका फॉर्मपुरतं आहे त्याला कशाला? काम बघून द्यावा.

कोपरखैरणेकर:
काम बघूनच द्या, माझी हरकत नाही. पण ते बघणार कोण? आमच्याकडे मॅनेजरला केबिनमध्ये दोन आहेत आणि अकाउंट्सला घरी शून्य. ज्याच्या हातून रिटर्न भरलं जातं त्याला आधी विचारा. पुढच्या १४ तारखेच्या आत मी अकाउंट्सच्या सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज देणार आहे. ड्राफ्ट्समन दादा, ती आरडीपी फाइलची ओळ जशीच्या तशी इथे टाकाल का? अर्जासोबत जोडते, म्हणजे आयटीवाल्यांना 'जमत नाही' म्हणायला जागा राहणार नाही.