वालचंदला इलेक्ट्रॉनिक्स की पुण्यात कॉम्प्युटर?

बार्शीकर
नमस्कार मंडळी. मुलीला इंजिनिअरिंगच्या सीईटीला ९६.८ पर्सेंटाइल आहेत. ओबीसी, बारावी बार्शीतूनच. ऑप्शन फॉर्म (कॉलेज-ब्रांचचा पसंतीक्रम) भरायचाय आणि घरात रोज वाद. ती म्हणते, सांगलीच्या वालचंद कॉलेजला इलेक्ट्रॉनिक्स मिळालं तरी चालेल. मेव्हणे म्हणतात, कॉलेज कुठलंही असो, कॉम्प्युटर सोडायचं नाही. त्यांनी पुण्याच्या आसपासची तीन नवी कॉलेजं सुचवलीत, सगळी एआय-डेटा सायन्सवाली. एकाच्या माहितीपत्रकावर ४० लाखांचं पॅकेज छापलंय. मी एसटीत कंडक्टर, यातलं फारसं कळत नाही. फीचाही विचार आहेच. जाणकारांनी सांगावं.

उजनीकाठ
कॉम्प्युटरच घ्या हो. आमच्या भावाने मेकॅनिकल केलं आणि शेवटी आयटीतच गेला. मग चार वर्षं थर्मो घोकायचं कशाला?

जुना कऱ्हाडकर
मी स्वतः ईएनटीसीवाला (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम), कऱ्हाडच्या सरकारी कॉलेजचा. हिंजवडीत गाड्यांच्या कंट्रोलरचं सॉफ्टवेअर लिहितो आणि दरवर्षी कॅम्पसला मुलाखती घ्यायला जातो. तेव्हा माझं माप थोडं इलेक्ट्रॉनिक्सकडे झुकणार, हे धरूनच वाचा.

ते ४० लाख एकाच पोराचे असतात, आणि ते पोरगं कुठेही शिकलं असतं तरी त्याला मिळाले असते. बाकीच्यांचं काय झालं ते बघायचं. एनआयआरएफच्या (केंद्र सरकारची कॉलेजांची क्रमवारी) साइटवर कॉलेजांनी भरलेल्या माहितीच्या पीडीएफ असतात. किती मुलं वेळेत पास झाली, किती जणांना नोकरी लागली, किती पुढे शिकायला गेली, मीडियन म्हणजे अगदी मधल्या पोराचा पगार किती, सगळं असतं. ब्रांचवार नसतं, पण फ्लेक्सपेक्षा बरं. नव्या कॉलेजला आधी एवढंच विचारा, की तुमची पहिली बॅच बाहेर पडली का?

दुसरं म्हणजे, २०२४ पासून एआयसीटीईने (इंजिनिअरिंग कॉलेजांना मान्यता देणारी केंद्रीय संस्था) एका ब्रांचला जास्तीत जास्त किती जागा, ही मर्यादाच उठवली. मग कॉम्प्युटरच्या जागा भराभर वाढल्या. शिकवणारे काही त्या वेगाने तयार होत नाहीत. तिथे जाऊन दुसऱ्या वर्षाच्या पोरांना कँटीनमध्ये गाठा. डेटा स्ट्रक्चर कोण शिकवतं, ते सर वर्षभर टिकतात का, प्रॅक्टिकल खरंच होतं की नुसती जर्नलं उतरवतात. ऑफिसात विचारलंत तर चहा मिळेल, उत्तर नाही.

मुलाखतीत मी सी मधले पॉइंटर विचारतो. एआयवाल्या बऱ्याच पोरांच्या प्रोजेक्टचं नाव भारदस्त असतं, पण डेटा कुठून आणला म्हटलं की गप्प. इलेक्ट्रॉनिक्सच्या पोरीने मायक्रोकंट्रोलरवर नुसता दिवा लुकलुकवला असेल, तरी मेमरी म्हणजे काय ते तिला ठाऊक असतं. अर्थात उलट बाजूही आहे. काही कंपन्या फक्त कॉम्प्युटर-आयटीलाच बसू देतात, तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सची पोरं बाहेर उभी राहतात. शिवाय सिग्नल्सचं गणित जड असतं, तिला ते आवडणार असेल तरच. तरीही या दोन पर्यायांत मी वालचंद वर टाकेन.

लातूरची ताई
ब्रांचचं वरच्यांनी सांगितलं, मी फॉर्मचं सांगते. कटऑफच्या यादीत प्रत्येक जागेला कोड असतो, त्याचं शेवटचं अक्षर बघा. एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी (कॉलेजच्याच विद्यापीठाच्या हद्दीत बारावी झालेले), ओ म्हणजे बाहेरचे, एस म्हणजे राज्यस्तर. बारावी बार्शीची, म्हणजे तुमचं विद्यापीठ सोलापूर. पुण्याच्या कॉलेजांचा एचचा आकडा बघून हरखू नका, तो तुमचा नाही. कोडच्या सुरुवातीला एल असेल तर ती मुलींची जागा.

क्रम मनापासून लावा. वरती अवघड कॉलेज टाकलं म्हणून खालचं हातचं जात नाही. पण २०२५ च्या प्रवेशांत पहिल्या फेरीत पहिलं ऑप्शन मिळालं की सीट आपोआप फ्रीज होत होती, म्हणजे पुढच्या फेरीत बदलता येत नव्हती, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतलं, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांतलं. यंदाची पुस्तिका वाचा आणि नको असलेलं कॉलेज वर टाकूच नका.

फी: ओबीसी मुलीला, उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, कॅपमधून (सरकारी केंद्रीय प्रवेश फेऱ्या) प्रवेश घेतल्यावर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. हा २०२४ चा निर्णय. मॅनेजमेंट कोट्याला लागू नाही. होस्टेल, मेस आणि कॉलेजचे बाकीचे आकार मात्र भरावेच लागतात. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर आत्ताच काढून ठेवा, तहसीलला रांग असते.

बार्शीकर
ताई, नॉन-क्रिमिलेअर आहे, उत्पन्नाचा दाखला उद्या टाकतो. कऱ्हाडकर साहेब, मुलीने तुमचं दोनदा वाचलं आणि मामांना वाचायला पाठवलं. मामांचा अजून रिप्लाय नाही. रविवारी सुट्टी आहे, तिला घेऊन सांगलीला जाऊन येतो.

जुना कऱ्हाडकर
रविवारी वर्ग बंद, शिक्षक भेटणार नाहीत. जमलं तर रजा टाकून शनिवारीच जा.